चार वर्षांची शिक्षा

आमच्या आईला हिंदी येते, हे तिचं तिनंच ठरवलेलं. टीव्हीवरच्या मालिका बघून शिकली म्हणे. त्यामुळं अवसरीच्या कॉलेजात आलेला एक बिहारी पोरगा आमची खोली भाड्यानं बघायला आला, तेव्हा तिनं मला तोंडच उघडू दिलं नाही.

"इधर कायको आया?"

पोरगा हात जोडून म्हणाला, "शिक्षा के लिए, माताजी."

आईचा चेहरा उतरला. "कितना?"

"चार साल की."

"किसने दिया रे?"

"पिताजी ने भेजा है. उनकी भी शिक्षा महाराष्ट्र में ही हुई थी."

आईनं मला गोठ्यापर्यंत ओढत नेलं. "आरं, बापबी शिक्षा भोगून गेलाय! खोली द्यायची न्हाई."

"आई, शिक्षणाला शिक्षा म्हणत्यात त्यांच्यात!"

हे तिला पटवता पटवता चहा दोनदा उकळला. शेवटी खोली दिली, आणि पोराला उगाच चोर ठरवलं म्हणून रोजची भाकरीबी चालू केली. पोरगाही रुळला. माताजीची मावशी झाली, आणि 'बहुत' सोडून तो 'लई' म्हणायला लागला.

चौथ्या वर्षाचा निकाल लागला, त्या दिवशी तोंड पाडून दारात उभा.

"काय झालं रं?" आईनं विचारलं.

"दोन विषय गेलं, मावशी. शिक्षा सहा महिनं वाढली."

आईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "आता सांग, कुणाची हिंदी बरोबर व्हती?"