घोणशीच्या खिंडीतला तोल्या

ऐका. दमलोय मी. कंबर सकाळपास्नं धरलीय, डोळं मिटाय लागल्यात. पण मघाशी ह्यो अंकुश काय म्हणाला? नदीवरचा पूल खचलाय, तवा उद्यापास्नं समद्या तीनचाक्या घोणशीच्या खिंडीतनं न्यायच्या. म्हणालास का न्हाई रं? म्हणाला. म्हणून मी हितं पारावर येऊन बसलोय. न्हाईतर आत्ता गोधडीत असतो.

त्या खिंडीत भूत हाय, एवढं तुमाला ठाऊक हाय. कोण म्हणतं हिरव्या लुगड्याची बाई हाय. कोण म्हणतं बिनमुंडक्याचा पाटील. काय बी बोलता! बघितलंय कुणी? मी बघितलंय. न्हाई, बघितलं म्हणणं खोटं हुईल. मी त्येला गाडीत घेऊन आलोय. त्येचं नाव सावळा मदने.

उठताय कुठं? बसा की.

बावीस वर्सं झाली. तवा ह्या गावात तीनचाकी एकच, माझी. पुढं मोटारसायकल, मागं दोन चाकांवर फळ्यांचा साटा. आठ माणसं बसायची, बाजारादिवशी बारा. आता तुमी समदे गाडीवाले हायसा, तुमाला काय सांगायचं. तीन चाकांची गाडी सरळ रस्त्याला गरीब. वळणाला मात्र तिच्यासारखी दगाबाज न्हाई. उजवीकडं वळलं की समदं वजन डाव्या अंगाला धावतं. आन् नेमकं तवाच माणूस भितो, ब्रेक दाबतो. दाबला की संपलं! पुढं एकच चाक, त्ये काय सावरणार? तिवईच्या कडंला बसल्यागत गाडी कलंडती.

म्हणून आमी तोल्या ठेवायचो. तोल्या म्हंजी तोल धरणारा. मागच्या दांडीवर त्यो उभा. वळण आलं की मी हाळी द्यायची, "उजवं!" की तोल्या उजवीकडं बाहेर लोंबकळायचा, पार पाठ रस्त्याला टेकंल इतका. उतारूंना बी दरडवायचा, "झुका, झुका, आतल्या अंगाला झुका!" म्हाताऱ्या बाया बी झुकायच्या. हसताय काय? असंच चालायचं. खिंडीला सात वळणं, तोल्याबिगर एक वळण पार हुयाचं न्हाई.

माझा तोल्या सावळा. पंचेचाळिशीचा गडी, अंगानं भक्कम. सहा वर्सं दांडीवर उभा हुता माझ्या.

त्येचं काय झालं ते तुमी ऐकलंय. त्या दिवशी तो पिऊन आला हुता. शेवटच्या वळणाला मी "उजवं" म्हणालो, हा डावीकडं झुकला. गाडी कलंडली. उतारू रस्त्यावर पडलं, खरचटण्यावर भागलं. सावळा साट्याखाली गावला. असंच ऐकलंय न्हवं? मीच सांगितलंय. चावडीवर सांगितलं, पोलीसपाटलाला सांगितलं. बरं. पुढं ऐका.

आठ म्हैने झालं. मी खिंडीचं तोंड बघितलं न्हाई. वळशानं जायचो, सपाट रस्त्यानं, तासभर जादा लागायचा. आन् एक दिवस, थंडीचं दिस, तुमची काकू कडब्याच्या गंजीवरनं पडली. येसा. मांडीचं हाड मोडलं. पाय हा असा फिरलेला, काळानिळा झालेला. वरडाय लागली. आयुष्यात तिचं तसलं वरडणं मी ऐकलं न्हवतं. दिवस मावळून घटका झाली हुती. साट्यात गादी टाकली, तिला निजवली, आन् ती घसरू न्हये म्हणून दोन लुगड्यांनी फळीला बांधली. आवळून बांधली, पक्की. ध्येनात ठेवा. गाडी दरीत गेली असती तर तिला उडी मारता येत न्हवती.

दवाखाना खिंडीपल्याड. माझा भाऊ म्हणाला, "दादा, वळशानं जा."

मी म्हणालो, "वळशानं जाईपतोर ही मरंल."

आन् निघालो. खिंडीनं. अंधार पडलेला. एकटाच. तोल्या न्हाई.

पहिलं वळण म्हसोबाच्या दगडापाशी. सहा वर्सांची सवय, तोंडातनं आपसूक हाळी गेली, "उजवं!"

मागनं आवाज आला, "व्हय दादा!"

मला वाटलं येसा कण्हली. तर तीच इचारती, "अवं, कोण बोललं?" मी म्हणालो कोण न्हाई, वारा हाय. गाडी चालवत ऱ्हायलो. दुसरं काय करणार?

जरा पुढं गेलो आन् गाडी डाव्या अंगाला बसली. बसली म्हंजी, करकर करत खाली गेली. साट्यात काय? एक येसा. तिचं वजन केवढं, दोन घमेली वाळू. मी थांबलो. बॅटरी घेऊन उतरलो. मागं कोण न्हाई. दांडी मोकळी. पण डाव्या अंगाचा शॉकअप पार तळाला टेकलेला, पाटा सपाट झालेला. वर दोन पोती ज्वारी ठेवल्यागत. मी बघतोय, हात लावतोय, आन् माझ्या डोळ्यांदेखत गाडी वर उचलली. हळू. कोण उतरल्यावर उचलती तशी.

मी पळत जाऊन सीटवर बसलो. आन् मी बसल्यावर, ऐका, माझ्यामागनं आणखी कोण चढलं. करकर! डावी बाजू परत खाली.

आता परत फिरायचं म्हणलं तर तिथं गाडी फिरत न्हाई. रस्ता केवढासा, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. आन् येसा मागनं कण्हतीय, "पाणी द्या, पाणी द्या." थांबाय भ्या वाटत हुतं. दोन वळणं कशीबशी काढली, सीटवरनं मीच उजवीकडं लोंबकळून. चौथ्या वळणाला उजवं चाक उचललं. भुईवरनं! मोकळं चाक हवेत फिरतंय त्येचा आवाज येत हुता, सूं सूं. ब्रेकवर पाय गेला हुता. पण दाबला न्हाई. चाक धपकन खाली आलं आन् येसा किंचाळली.

"अवं, माझ्या उशापाशी कोण उभं हाय? दरीच्या अंगाला झुकलंय!"

दरीच्या अंगाला. म्हंजी डावीकडं. उजव्या वळणाला डावीकडं. समजलं का तुमाला? मला तवाच समजलं.

पाचव्या वळणाला मी हाळीच दिली न्हाई. तोंड दाबून धरलं. तर मागनं कसं म्हणतोय, अगदी नरम आवाजात, जिता हुता तसंच, "दादा, उजवं म्हणा की."

मी हँडल आवळून धरलं.

"म्हणा की दादा. चुकणार न्हाई मी. तुमी गावाला सांगितलंय तसंच झुकतो."

चाक उचललं. आदीपेक्षा जादा! येसाची गादी घसरली, लुगडी ताणली, तिच्या मोडक्या पायाला हिसका बसला. तिचा आवाज पार कड्यावर आपटून परत आला. वळण सरल्यावर मी ब्रेक दाबून गाडी थांबवाय बघितली, तर मुरमावरनं चाकं घसरत खालीच निघाली, थांबंना. उतार जबर. सहाव्याला काय केलं ते मला आठवत न्हाई. खरंच आठवत न्हाई. देवाचं नाव घेतलं असंल.

येसा तेवढ्यात बी इचारती, "काय सांगितलंय तुमी गावाला? तो काय म्हणतोय?"

बायकू हाड मोडून बांधलेली हाय, दरीवर लटकलीय, आन् इचारतीय! मी म्हणालो, गप बस.

मग सातवं आलं.

तेच ते. जिथं तो मेला. मागच्या दांडीवर आता असलं वजन पडलं की पुढचं चाक हलकं झालं. हँडल फिरवतोय, गाडी वळंना. नुसतं हँडल हातात. सरळ दरीच्या तोंडाला निघाली. आन् मागनं तो हाळी द्यायला लागला, माझीच हाळी, माझ्याच आवाजात, "उजवं! उजवं!" म्हणतोय आन् डावीकडं झुकतोय. उजवं चाक कंबरंएवढं उचललं असंल. येसा किंचाळायची थांबली. ती गप झाली तवा मला भ्या वाटलं. मरायचं न्हाई, ती मरंल त्येचं. माझ्या पायी मरंल.

आन् मी वरडलो. काय वरडलो? तेच सांगाय आलोय. जरा थांबा, तांब्या द्या हिकडं.

मी वरडलो, "सावळ्या, तू पिऊन न्हवतास! तू उजवीकडंच झुकला हुतास! डाव्या अंगाचा शॉकअप गेला हुता, मला ठाऊक हुतं. दोन म्हैने ठाऊक हुतं. तू मला आठ येळा सांगितलंस, दादा बदला, दादा ह्यो बसलाय. मी जुन्या टायरचा तुकडा कापून त्येच्यात कोंबला आन् म्हणालो चाललंय न्हवं. तो तुकडा निसटला. माझ्यामुळं कलंडली. माझ्यामुळं मेलास तू!"

ऐकताय का? पुढचं बी ऐका, ते ह्येच्यापेक्षा वंगाळ हाय. तू मेल्यावर बी मी तो शॉकअप बदलला न्हाई, हे बी त्येला सांगितलं. साटा नीट केला, फळ्या नव्या मारल्या, पण शॉकअप तोच, टायरचा तुकडा कोंबून. का? नवा बसवला असता तर कुणीतरी म्हणालं असतं, जुना खराब हुता व्हय रं? खोटं बोललो ते टिकवाया मी आठ म्हैने मोडक्या गाडीत माणसं बसवत हुतो. माझी बायकू त्याच गाडीत बांधली हुती.

उजवं चाक खाली आलं. धाडकन! हँडलात जोर आला. मागनं दांडी करकरली आन् मला पाठीत कळलं, वजन सरकलं. डावीकडनं उजवीकडं. सहा वर्सं मला ते कळत आलं हुतं, तोल्या बाहेर झुकला की गाडीचा बुडखा कसा बसतो ते. सावळा झुकला. आत झुकला. गाडी वळली. डावं चाक दरीच्या कडंवरनं गेलं, मुरूम खाली सांडल्याचा आवाज ऐकला मी. पण वळली.

खाली सपाटीला आल्यावर गाडी हलकी झाली. उतरला. उतरताना म्हणाला, "माझ्या केराला सांगा. आन् चावडीवर बी." एवढंच. रागानं न्हाई. दमल्यागत म्हणाला. मी म्हणालो, सांगतो.

येसा वाचली. पाय आखूड झाला, पण वाचली. दवाखान्यात तीन दिस माझ्यासंगं बोलली न्हाई. चौथ्या दिशी म्हणाली, "जावा त्येच्या घरी."

गेलो. त्येची बायकू केराबाई भिंत सारवत हुती. हात धुतलं, मला पाणी दिलं. मी पाणी पिलो. म्हणालो, बरं हाय न्हवं समदं? ती म्हणाली, बरं हाय. आन् मी उठून आलो. तिची पोर तवा सोळाची हुती. दारुड्याची पोर म्हणून दोन स्थळं मोडली तिची, ते बी मला ठाऊक हुतं. येसा मरंपतोर दर दिवाळीला इचारायची, सांगितलंसा का? मी म्हणायचो, सांगतो. येसाला जाऊन चार वर्सं झाली.

तर अंकुश, त्या वाटंनं जाऊ नगंस. दिवसा न्हाई, रात्री न्हाई, मोकळी गाडी घेऊन बी न्हाई. पूल हुईपतोर वळसा मारा, तासभर गेला तर जाऊ दे. तो खिंडीत अजून उभा हाय, म्हसोबापाशी. ज्येची गाडी बसकी त्येच्या मागं चढतो. मी त्येला शब्द दिला आन् पाळला न्हाई, तवा तो आता कुणासाठी आत झुकंल असं मला वाटत न्हाई. तुझ्या गाडीचा डावा शॉकअप मी संध्याकाळी बघितलाय. मला बोलाय लावू नगंस.

झालं. एवढंच हुतं. हात द्या कुणीतरी, उठतो.

काय? कोण बोललं? तिकडं, बायांत. केराबाई? तू कवा आलीस? अंधारात दिसली न्हाईस.

काय म्हणतीस? परत म्हणू? मागच्यांना ऐकू गेलं न्हाई?

म्हणतो. बसा रं समदे, उठू नगासा. पोरांनू, गप ऱ्हावा.

सावळा मदने पिऊन न्हवता. त्येनं जन्मात दारू पिली न्हाई. गाडी माझी खराब हुती.

आणखी मोठ्यानं? बरं.