मागच्या रांगेतलं मत

१८७२ च्या जानेवारीत आयोवा राज्याचं विधिमंडळ भरलं. शपथा झाल्या होत्या, आणि आमदारांच्या जागांसाठी चिठ्ठ्या निघायच्या होत्या. बाजूच्या सज्जात, कामकाज बघायला आलेल्या लॅव्हिनियाच्या पुढच्या बाकावर, दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरल्या केझायाचा नवरा ऑरिन खाली नव्या आमदारांत होता.

“ताई, कमी ऐकू येणाऱ्यांनी आधी पुढच्या जागा निवडा म्हणताहेत. दाजी उठत का नाहीत?”

“त्यांना ऐकू गेलं नसेल.”

“मग खूण कर की!”

“केली. त्यांनी मलाच वाकून नमस्कार केला.”

“घ्या, चिठ्ठीत शेवटची रांग आली! आता पुलाच्या ठरावाला ‘हो’ कधी म्हणायचं ते कळणार कसं? पूल आणतो म्हणाले म्हणून तर गावानं निवडून दिलं.”

“मी रोज इथे बसणार आहे, ड्रुसिला. रुमाल नाकाला लावला की ‘हो’, मांडीवर ठेवला की ‘नाही’.”

“अगं, बायकांना मत नाही!”

“मत कोण देतंय? मला सर्दी झालीय.”

पूल झाला. ड्रुसिला त्याच पुलावरून सासरी गेली. लॅव्हिनियानं हे बोलणं केझाया असेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. ऑरिन आणखी तीनदा निवडून आले. केझाया वारली, त्या वर्षी मात्र ते उभेच राहिले नाहीत.