फितूर साक्षीदार

(गच्चीवरची पत्र्याची खोली. संध्याकाळ. दुर्बिणीवर जुनी चादर. निवृत्त न्यायाधीश, त्यांची बायको आणि वेधशाळेतून नुकतीच घरी आलेली सून.)

सून : ...म्हणून सांगते बाबा, मन घट्ट करा. आमच्या मोठ्या दुर्बिणीनं तुमचा तारा तपासला. तो उजळत नाही. ढिम्म आहे.

न्यायाधीश : ढिम्म? अगं, फोटोंत स्वच्छ दिसतंय! मधूनच उजळतो आणि पुन्हा उतरतो. नवा रूपविकारी तारा आहे तो!

बायको : मला हा शब्दच पटत नाही. जरा कमीजास्त झालं की लगेच विकार?

न्यायाधीश : ज्याचं तेज बदलतं तो रूपविकारी. शास्त्रातला शब्द आहे.

बायको : मग घरातही एक आहे की. पेपर उशिरा येऊ दे, मग तेज बघावं.

सून : आई, थांबा ना जरा. बाबा, निरीक्षक मंडळानं तुम्हाला दोनदा सांभाळून घेतलंय. पहिल्यांदा तुम्ही सुपरनोव्हा सापडला म्हणून कळवलंत...

बायको : तो मंगळ निघाला.

न्यायाधीश : मंगळाला नेमकं तिथेच कडमडायचं होतं.

सून : दुसऱ्यांदा लेन्सवरचा डाग. आता तिसऱ्यांदा चुकलं, तर ते तुमची नोंद पुन्हा कधीच घेणार नाहीत.

न्यायाधीश : कधीच? सूनबाई, मी नुसता खाकरलो तरी अख्खं कोर्ट चिडीचूप व्हायचं. आता मला कोणी काही विचारत नाही. या गच्चीवर आलो की वाटतं, अजून आपला काही उपयोग आहे. तेही गेलं तर मी काय करायचं?

सून : म्हणूनच मंडळाला अजून काही कळवलं नाही. आधी तुमच्याकडे आले. मला सांगा, तेज मोजताना कशाशी ताडून पाहिलंत?

न्यायाधीश : शेजारच्या ताऱ्याशी. रीतसर.

सून : एकाच? दोन घ्यायचे असतात.

न्यायाधीश : होते दोन. दुसरा काढून टाकला.

सून : काढून टाकला? का?

न्यायाधीश : फितूर झाला! पहिला साक्षीदार म्हणायचा, तारा उजळला. हा म्हणायचा, छे, काहीच घडलं नाही. दर वेळी उलटी साक्ष! असल्यांना मी कोर्टातही थारा दिला नाही.

सून : अगं बाई! बाबा, काय केलंत हे!

बायको : तो दुसरा मीच शोधून दिला होता. ह्यांना डुलकी लागते, तेव्हा फोटो मीच काढते. म्हटलं, हा बरा आहे, शांत आहे. तर मला म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं.

सून : जुने फोटो आहेत ना सगळे? लॅपटॉप द्या इकडे... हं. हा तुमचा तारा आणि हा आईंचा. दोघांचंही तेज जागचं हलत नाही. आता तुमचा तो सज्जन साक्षीदार बघा. घसरला. सावरला. परत घसरला!

न्यायाधीश : म्हणजे?

सून : म्हणजे तुमचा तारा कधी उजळलाच नाही. ज्याच्याशी ताडत होतात तोच अंधुक व्हायचा, म्हणून तुमचा उजळल्यासारखा दिसायचा.

बायको : आणि जो बिचारा खरं बोलत होता, त्याला दिलं हाकलून.

न्यायाधीश : झालं. तिसरीही चूक. आवरा ती दुर्बीण.

सून : आवरा काय? ही यादी बघा. तुमचा हा साक्षीदार रूपविकारी ताऱ्यांच्या यादीत कुठेच नाही! बाबा, तुम्हाला नवा रूपविकारी तारा खरंच सापडलाय. फक्त तुम्ही म्हणत होतात तो नव्हे. पण नोंदीत घडलं ते खरं लिहावं लागेल.

न्यायाधीश : मी भलत्याच ताऱ्याकडे बघत बसलो होतो, असं? जगजाहीर? अगं, माझा एकही निकाल वरच्या कोर्टात फिरला नाही!

बायको : दोन फिरले.

न्यायाधीश : तुला बरं लक्षात राहतं!

सून : शिवाय प्रकारही लिहायचाय. हा जोडतारा दिसतोय. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, इथून एकच वाटतात. एक दुसऱ्याच्या आड आला की उजेड कमी होतो.

बायको : आड कोण येतो गं?

सून : जास्त अंधार होतो तेव्हा ना? दोघांतला जो मंद, तो पुढे आलेला असतो.

बायको : असं होय.

न्यायाधीश : हसू नकोस.

बायको : मी कुठे हसतेय?

न्यायाधीश : पाठ फिरवलीस तरी कळतं मला... सूनबाई, घे लिहून. 'आधीचं अनुमान चुकीचं होतं. चूक माझी.' लिहिलंस?

सून : लिहिलं. शोध कोणाचा म्हणून घालू?

न्यायाधीश : हिचा.

बायको : इश्श, माझा कशाला? मी नुसतं बटण दाबलं.

न्यायाधीश : खरी साक्ष तू दिली होतीस. मीच ऐकून घेतली नाही. एवढी वर्षं लोकांचं ऐकायचा पगार घेतला, आणि घरातलंच ऐकलं नाही. वाईट वाटतंय मला.

सून : मग... आईंचं एकटीचं नाव घालू?

बायको : नको गं. ह्यांचंही घाल. तारा जोडीचा आहे, एकटीचं नाव बरं नाही दिसायचं.