सुमनच्या हातातली इंग्रजी

मी मूळची रनाळ्याची. लग्न होऊन नंदुरबारला आले आणि आले ती मिरचीच्या पथारीवरच बसले म्हणा ना, उन्हात पसरलेल्या लाल मिरचीचे देठ खुडायचे, हातांची अशी आग व्हायची की लेकराला जवळ घ्यायची भीती. घरात आमची अहिराणी, तुमच्यासाठी मराठीत सांगते, मधे घसरले तर समजून घ्या. माझी आंडेर, म्हणजे लेक, सुमन, जन्माची बहिरी. पण नजर, काय सांगू तुम्हाला, घारीची.

शाळेत तिला बसू दिलं ते गुरुजींच्या भल्या मनानं. मराठी शब्द वस्तू दाखवून, चित्र दाखवून कळले, पुढे इंग्रजी आलं. कॅट म्हटलं की मांजर दाखवता येतं, पण नॉट दाखवा बरं, वॉज दाखवा, आणि पानोपान तेच बारके शब्द. गुरुजी म्हणाले, बाई, हाताच्या खुणांनी शिकवायचं पुस्तक मी धुळ्यापर्यंत विचारलं, कुठंच नाही, आणि आता डिप्टीसाहेब तपासणीला येणार, हिला काही आलं नाही तर नाव काढतील. सुमनचा बाप म्हणे, ऱ्हाऊ दे, पथारीवर बसाड तिले. मी नाही ऐकलं.

पथारीवरच्या एका बाईनं सांगितलं, अक्कलकुवाले एक मुका शिंपी शे, मुंबईले मुक्यासनी शाळामा शिकेल शे, इंग्रजी वाचस. बाजाराच्या दिवशी पोरीला घेऊन एस.टी.नं अक्कलकुव्याला गेले. तो मशीन चालवत होता. मी पुस्तक उघडून नॉटवर बोट ठेवलं, हात हलवून विचारलं, याची खूण काय. त्याला समजलं, समजलं म्हणूनच त्यानं दोन्ही हात मशीनखाली घेतले. मान हलवली, जा म्हणून. पुन्हा विचारलं तर तोंड फिरवलं. दारात बाजारची माणसं जमली, कोणी हसलं. त्याची म्हातारी आई बाहेर आली, म्हणाली, बहीण, राग नको मानू, त्या शाळेत तोंडानंच बोला म्हणायचे, हातानं बोललं की बोटांवर छडी, पोरं आपली चोरून बोलायची, लोकांदेखत तो हात उचलत नाही.

मी पुस्तक मिटलं. तर सुमन पुढे गेली. स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग त्याच्या कानाकडे दाखवलं, आणि दोन बोटं एकमेकांना जोडली. तो बघतच राहिला, बघतच राहिला. मग उठला आणि दाराचा पडदा ओढून घेतला.

मग दर बाजाराला आम्ही तिथेच. कम, गो, गिव्ह, नॉट, सगळ्याला खूण, बघून बघून मीही शिकले. इंग्रजीतला द आला की नुसतं बोट पुढे सरकवायचा, म्हणजे याला खूण नाही, ओलांडून जा.

डिप्टीसाहेब आले त्या दिवशी मी काम सोडून शाळेच्या खिडकीशी उभी. साहेबांनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, गुरुजींनी हळूच मला अर्थ सांगितला, ये आणि मला पुस्तक दे. सुमनची बोटं छातीशी हलली, मग तिनं जाऊन पुस्तक दिलं. साहेब म्हणाले, अंदाजानं दिलं असेल. तिला जागेवर पाठवून फळा पुसला आणि नवं लिहिलं, येऊ नकोस, हे मला मागाहून कळलं. आणि साहेबांनी हातानं बोलावलं, ये. पोर जागची हलेना. साहेबांनी डोळे मोठे केले, पुन्हा बोलावलं. आता साहेब बोलवत राहिले आणि पोर उभी, वाटलं ओरडावं, जा व माय, पण ओरडून तिला काय ऐकू जाणार? तिनं फळ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, तळहात आडवा हलवला, नॉट, बोटं आपल्याकडं वळवली, कम, आणि तिथंच उभी राहिली.

साहेबांचा हात खाली आला. गुरुजींना विचारलं, हे कुठं शिकली? मीच खिडकीतून बोलले, साहेब, अक्कलकुवाले. बरं, म्हणाले, बसू द्या तिला. सातवीपर्यंत बसली. पुढे त्याच शिंप्याकडं शिवण शिकली, लग्न झालं, लेकरं झाली, ती सगळी ऐकणारी.

आता माझेच कान गेले. घरात सगळे माझ्याशी ओरडून बोलतात, तरी अर्धं कळत नाही. सुमन माहेरी आली की समोर येऊन बसते, हातानं सांगते, कोण आलं, कोणाचं लग्न ठरलं, भाजी काय करू. माले बठ्ठं, सगळं, समजस. देव तिले सुखमा ठेवो.