मामाचं रॉकेट आणि माझी सही

माझा धाकटा भाऊ रॉकेटच्या खासगी कंपनीत कामाला आहे, माहीत आहे की तुम्हाला. मागं फोनवर म्हणाला, "ताई, रॉकेट तयार हाय, पण सरकारची परवानगी न्हाय."

"रॉकेट तुमचं, मग सरकार कशाला मधे?"

"कुणाच्या डोक्यावर पडलं तर? भरपाई कोण देणार? लई प्रश्न विचारतेत."

सरकार मला एकदम शहाणं वाटलं. मीही लेकीच्या शाळेच्या सहलीच्या परवानगीपत्रावर सही केली नव्हती. बसचे ब्रेक कसे, हात कोण धरणार, असं बाईंना रोज विचारत होते.

सहलीच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला, "मिळाली परवानगी!"

लेकीनं फोन ओढला. "मामा, तुझ्या सरकारला माझ्या आईशी बोलायला सांग की!"

केली बाई सही. फक्त बसच्या मागं ह्यांना मोटारसायकलवर पाठवलं.