म्हातारीला पायजे होता त्यो डायवर

मी इंजिन चालवतो म्हणून तुमी मला इचारता, लोकं गाडी अडवत्यात तरी कशाला? मग ऐका गड्यांनो.

कुंडलच्या अलीकडं भर दुपारी एक म्हातारी लाल लुगडं फडकावत उसातनं रुळावर आली. मी करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली तशी ती माझ्या खिडकीखाली आली, तोंड निरखून बघितलं आन् म्हणाली, "माझा ल्योक गाडीखाली गेला, तवाचा डायवर तूच का रं?"

"न्हाई, मावशे. का?"

"त्यो चुकून आडवा आला, का जाणून उबा ऱ्हायला? डायवरनंच बघितलं असंल."

एवढं बोलून ती परत उसात शिरली. मागनं कळलं, ती बऱ्याच गाड्या अशाच अडवत हुती.

तवाचा डायवर म्हंजे माझा पाटणचा दोस्त. त्याला गाठून इचारलं. त्यो म्हणाला, "मी डोळं मिटलं हुतं रं."

पुढच्या खेपेला तिनं परत मला अडवलं. तिचं तोंड बघून मला ऱ्हावलं न्हाई. म्हणलं, "मावशे, चुकूनच आला त्यो. पाय अडकला हुता त्याचा."

तिनं लुगडं खाली केलं आन् माझ्याकडं बघत ऱ्हायली.

"म्हंजे तूच हुतास," म्हणाली.

तवापासनं ती कुणाचीच गाडी अडवत न्हाई. बाकीचे डायवर म्हणत्यात, आमाला तिथं कोण दिसतच न्हाई. पर माझी गाडी आली की ती उसातनं बाहेर येती, आन् नुसती बघती.