वयाची जागा कोरी

हॅलो?… हां, वन्सं, बोला… हो, हो, येतोय आवाज. जरा मोठ्याने बोला, इथे नळ चालूय. हात धुतल्याशिवाय वॉर्डात सोडत नाहीत… हो, मलासुद्धा. जन्म दिला म्हणून सूट नाही.

नाही, मांडीवर नाही. गुंड्या काचेच्या पलीकडे आहे… ताप आहेच. तोंडातलं पांढरं अजून तसंच. जुलाबही… वजन? पाच किलो. आठ महिन्यांचं पोर आणि पाच किलो.

न्यूमोनिया? तो आहे हो, पण तो नुसता वरवरचा… अहो, ऐका ना. ऐका तरी आधी! आज निदान झालंय… निदान. आजार कळला.

प्रतिकारशक्तीच नाहीये त्याला… कमी नाही हो, नाहीच. जन्मापासून… टॉनिकने काय होणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कसं कळलं? बारा वर्षं लॅबमध्ये रक्त तपासताय तुम्ही, आणि मला विचारता कसं कळलं?… नाही, टोमणा नाही… बरं, टोमणा. घ्या.

इथल्या डॉक्टर बाईंनी आधी नुसतं ऐकून घेतलं. न्यूमोनिया किती वेळा, तोंड कधीपासून आलंय, दंडावरची लसीची जागा का चिघळली… हो, तीच, जिला तुम्ही सगळे 'होतं असं' म्हणालात. मला मध्ये न तोडता बोलू दिलं त्यांनी. घरात असं कधी झालेलं आठवत नाही मला… मग छातीचा फोटो लावला. तान्ह्या मुलांना छातीत वरच्या बाजूला एक ग्रंथी असते म्हणे. याच्या फोटोत ती जागाच रिकामी… मग म्हणाल्या, जुने रिपोर्ट द्या. दिले. चारही. तुमच्याच लॅबचे.

हो, चारहीवर नॉर्मलच छापलंय. तेच तर सांगतेय.

त्यांनी पेन घेऊन एका आकड्याला गोल केला. लिम्फोसाइट, त्या रोगाशी लढणाऱ्या पेशी. सोळाशे… हो, रेंजमध्ये. हजार ते चार हजार आठशे, शेजारीच छापलंय… पण ती रेंज कोणाची, वन्सं?… कोणाची?

मोठ्या माणसाची! या वयाला चार हजारांच्या वर हव्यात त्या पेशी. तान्ह्या बाळाचे सोळाशे म्हणजे तेव्हाच धावत सुटायला हवं होतं आपण. आणि आपण काय केलं? 'रिपोर्ट चांगला आहे, उगाच घाबरते ही' म्हणून चहा प्यायलो.

मशीन कशाला चुकेल? मशीनला वय सांगितलं नाही, तर ते समोर मोठा माणूस आहे असंच धरतं. तुम्हीच सांगितलंय मला… कोरी आहे, वन्सं. चारही रिपोर्टवर वयाची जागा कोरी. बाईंनी विचारलं, वय का नाही टाकलं? काय सांगू मी?… 'घरचंच आहे, फॉर्म कशाला भरायचा' हे सांगू? रांग नको, फॉर्म नको. घरी येऊन सुई टोचलीत, ट्यूब पर्समध्ये टाकून नेलीत. रस्त्यावरची अनोळखी बाई येते तिच्या बाळाचं वय टाकता तुम्ही. आपल्याच भाच्याचं नाही!

तुमच्या लॅबच्या साहेबांची सही काय कामाची? आकड्यापुढे लाल बाण दिसला नाही की ते पान उलटतात, हेही तुम्हीच हसून सांगत होतात.

हो, जीव लावता. नाही कोण म्हणतंय? जीव लावण्यात कसर नाही कोणाची… वय तेवढं राहिलं.

मोठी तपासणी झाली ना. त्या लढणाऱ्या पेशी एकेक करून मोजतात. जवळजवळ शून्य… उपाय एकच, दुसऱ्या कोणाचा तरी बोन मॅरो. गुंड्याच्या ताईचा जुळतो का बघणार आहेत… हो, सहा वर्षांची पोर, पण तिचाच आधी बघतात… नाही, तुम्ही नका घेऊ तिचं रक्त. आम्ही इथे आणू तिला.

वाचेल का?… इन्फेक्शन व्हायच्या आधी कळलं तर दहातली नऊ वाचतात म्हणाल्या. आता किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तुमचा भाऊ तर खाली पार्किंगमध्ये बसलाय, वर यायलाच तयार नाही.

वन्सं, एक काम करा. माझं कपाट उघडा, वरच्या खणात खाकी फाइल आहे… हो. बाबूची. बाईंनी मागितलीय. मी सांगितलं त्यांना, याच्या आधीचा एक मुलगा पाच महिन्यांचा होऊन गेला, तीन वर्षांपूर्वी, न्यूमोनियानेच… माहितीये हो तुम्हाला आठवतंय. काढा ना फाइल.

सापडली?… रक्ताचं पान बघा. लिम्फोसाइट किती?… किती?

अकराशे.

रेंज?… तीच. वय?… कोरं.

अहो, रडू नका, वन्सं. रडायची पाळी माझी आहे, आणि मला वेळ नाही… आई आहेत का तिथे? फोन स्पीकरवर टाका… टाका म्हणते ना! आई, येतंय ऐकू? वन्सं, आता तो आकडा पुन्हा वाचा. मोठ्याने.

ऐकलंत, आई? बाबूच्या रक्तात लढायला कोणी नव्हतंच. दुधात कस होता माझ्या. खिडकी मी उघडी टाकली नव्हती. झोपही लागली नव्हती मला. तीन वर्षं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला जे सांगत आलात ना, त्यातलं एकही…

काय?… काय म्हणालात?… हा आजार कुठून आला म्हणजे?

आईकडून येतो, आई. बहुतेक तोच प्रकार आहे म्हणाल्या. आईकडून मुलग्यांना. मुली सुटतात… हो. माझ्याकडूनच. माझ्या आईचे दोन भाऊ तान्हेपणीच गेले होते. आजवर कोणी विचारलं नव्हतं, आज बाईंनी विचारलं. ते कळल्यापासून मला स्वतःचा राग येतोय, काय करू त्या रागाचं ते कळत नाहीये… आता बोला ना. अजून दहा वर्षं पुरेल एवढं दिलंय मी तुमच्या हातात.

हॅलो?… आई?

हो सिस्टर, आलेच… आई, माझा मुलगा जागा झालाय. ठेवते.